भिवराचं डालं

पळसखोऱ्याच्या चावडीवर तेव्हा कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातलं कुणी उरलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं ते आपापल्या परीने सांगतात.

गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, भिवरा नावाची बाई राहायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती कोंबड्यांची वैदीण होती. त्या काळी घरोघरी पाच-दहा कोंबड्या असायच्या आणि त्यांच्यावर घार टपलेली, मुंगूस टपलेलं, रानमांजर टपलेलं. भिवराने दारोदार फिरून बायांना खुराडं बांधायला शिकवलं. जमिनीपासून हातभर उंच, फटीत बोट शिरता कामा नये, भोवती बोराटीचे काटे.

एवढं करूनही एखादी कोंबडी जखमी व्हायचीच. मग घरची बाई तिला पदरात घेऊन भिवराकडे धावायची. भिवरा कडुनिंबाच्या कोमट पाण्याने जखम धुवायची, हळद भरायची, फाटलेली कातडी आपल्या डोक्याच्या केसाने शिवायची. शेवटी वरून नीळ फासायची आणि कोंबडीवर डालं पालथं घालायची. डालं म्हणजे बांबूची मोठी टोपली. नऊ दिवस ती कोंबडी एकटीच डाल्याखाली राहायची.

"नीळ कशाला गं काकी?" शेजारच्या शेवंताने एकदा विचारलं.

"लाल दिसलं की बाकीच्या टोचतात. मुंगसानं अर्धी मारलेली, घरच्या पुरी मारतात."

"आपल्याच कोंबड्या?"

"आपल्याच. परक्या कशाला येतील तेवढ्यासाठी?"

असं म्हणतात, की भिवराच्या डाल्याखालून कोंबडी कधी मेलेली निघाली नाही. मान लोंबकळणारा एक कोंबडा नवव्या दिवशी डालं उचलताच असा आरवला, की ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या बाया पहाट झाली समजून भरदुपारी दळायला बसल्या. या सगळ्याबद्दल भिवरा एक अंडं घ्यायची. तेही कोंबडी पुन्हा अंड्यावर आली तर.

मग एका उन्हाळ्यात गावातल्या कोंबड्या दिवसाढवळ्या मरू लागल्या. माणसं मोहाची फुलं वेचायला रानात गेली की मागे अंगणात कोंबड्या पडायच्या. कुणी खाल्लेल्या नसायच्या. नुसत्या झिंजाडून टाकलेल्या. शेवंताच्या एका दुपारी अकरा गेल्या. एक कोंबडी आणि तिची सात पिल्लं तेवढी वाचली.

शेवंता रडत आली. "काकी, हे कुणाचं काम, तेवढं सांग. मी चावडीवर तुझ्या शेजारी उभी राहीन."

भिवराने मेलेल्या कोंबडीची पिसं बाजूला केली. "घार पाठीत नखं रोवते. मुंगूस गळा धरतं. रानमांजर उचलून नेतं. हे ज्यानं केलं, त्याचं पोट भरलेलं होतं. हा कुत्र्याचा दात आहे, शेवंते."

गावात दिवसा मोकळा फिरणारा, दूधभाकरी खाणारा शिकारी कुत्रा एकच होता. पाटलाचा. भिवराने सांगायच्या आधीही गावाला ते ठाऊक होतं. कुडाआडून पुष्कळांनी पाहिलं होतं. शेवंताने तर त्याला आपल्या अंगणातून उडी मारून जाताना पाहिलं होतं.

भिवरा चावडीवर गेली. मेलेली कोंबडी तिने पाटलासमोर ठेवली. "पाटील, कुत्रा बांधा."

पाटील हसला. "कुणी पाहिलंय?" त्याने शेवंताकडे पाहिलं. शेवंताचा नवरा पाटलाकडे गडी होता. शेवंताने मान खाली घातली. मग एकेकाने घातली.

"मग मी एक विचारतो," पाटील म्हणाला. "कोंबड्या जखमी झाल्या की अंडी कुणाच्या घरी जातात?"

कुणीतरी हसलं. पहिली चोच पाटलाने मारली होती. मग बाकीच्या चोची गावाने मारल्या. एक म्हणाला, हिने मुंगूस पाळलंय. दुसरी म्हणाली, मी तिला मुंगसाशी बोलताना ऐकलंय. दिवस मावळेपर्यंत भिवराला वाळीत टाकलं गेलं. तिला विस्तव द्यायचा नाही, पाणी भरू द्यायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत.

कोंबड्या मरतच राहिल्या. भिवरा ओढ्याचं पाणी प्यायची.

एका दुपारी ती डालं डोक्यावर घेऊन गोवऱ्या वेचून येत होती. शेवंताच्या अंगणात तेव्हा कुत्र्याने उडी घेतली. भिवराने गोवऱ्या तिथेच ओतल्या, डालं त्या कोंबडीवर आणि सात पिल्लांवर पालथं घातलं आणि ती वर आडवी झाली. कुत्रा तिच्यावर आला.

"शेवंते, कुत्रा हाकल गं," तिने हाक मारली. तीनदा मारली.

शेवंता घरात होती. दाराच्या कडीवर तिचा हात होता. कडी तिने काढली नाही. हाक थांबली तेव्हा काढली.

असं म्हणतात, की ती बाहेर आली तेव्हा गावातल्या सगळ्या कोंबड्या अंगणात जमल्या होत्या. भिवराभोवती त्यांचं कडं होतं आणि कुत्रा कड्याबाहेर थरथरत उभा होता. माती लाल झाली होती, पण एकाही कोंबडीने चोच खाली केली नाही.

शेवंताने भिवराच्या कमरेची पुरचुंडी सोडली आणि तिच्याच निळीने तिच्या जखमा लिंपायला लागली.

"पिल्लं बघ," भिवरा म्हणाली.

"सातही हायेत, काकी."

"मग राहू दे ती नीळ. कोंबड्यांना पुरव."

दिवस मावळताना ती गेली. त्या संध्याकाळी पळसखोऱ्यातली एकही कोंबडी खुराड्यात शिरली नाही असं म्हणतात. त्या सात पिल्लांच्या पंखांत पुढे निळं पीस आलं, ते त्यांच्या वंशात अजून येतं असंही म्हणतात.

पाटलाला साप चावला असं सांगणारे आहेत. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कुत्रा बांधला, आणि पाटील म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला.

आजही पळसखोऱ्यात कुणावर घाव बसला, सासरहून पोर परत आली, कुणी खरं बोलून एकटं पडलं, की शेजारीण त्याच्या दारापुढे डालं पालथं घालते आणि त्यावर निळीचं बोट ओढते. त्या घराला नऊ दिवस कुणी काही विचारायचं नाही, काही बोलायचं नाही. विस्तव आणि भाकरी तेवढी पोचवायची. लोक म्हणतात, ही रीत भिवराने घालून दिली. घालून दिली ती शेवंताने. पहिलं डालं तिने ठेवलं ते भिवराच्या दारापुढे, आणि आत कुणी नव्हतं.

म्हणून डालं ठेवायला निघालेली बाई आजही पळसखोऱ्यात चालत जात नाही. पळत जाते.