सभापतींचं स्वच्छ तळं

बगळे सभापती होत, त्या काळची गोष्ट. एका तळ्यात शेजारच्या रंगाच्या कारखान्यातून शिसं झिरपत असे. तळ्यातल्या दगडांवर बुळबुळीत थर करून राहणारे जिवाणू ते शिसं धरून ठेवत, म्हणून मासे सुखात होते.

एकदा सभापती बगळेराव ऐन सभेत त्यातल्याच एका दगडावरून घसरले आणि दोन्ही पाय वर करून पडले. बेडूक फिदीफिदी हसले. बगळेरावांना ते भलतंच झोंबलं.

"ही घाण आजच्या आज घासून काढा!" त्यांनी खेकड्यांना फर्मावलं.

"आम्हाला खुशाल घाण म्हणा, साहेब," जिवाणू म्हणाले, "पण आम्हाला खरवडलंत, तर आम्ही धरलेलं शिसं पाण्यात सुटेल."

"डोळ्यांना दिसत नाहीत, आणि सभापतीला शिकवतात!"

खेकड्यांनी दगड लख्ख केले. आठवड्याभरात मासे कलंडून पोहू लागले. बगळेरावांनी मात्र 'आदर्श स्वच्छ तळे' अशी पाटी लावली, गळ्यात कमळांचा हार घालून घेतला आणि घसा कोरडा पडेपर्यंत भाषण ठोकलं.

म्हातारी बेडकीण पानाच्या द्रोणात तळ्याचं पाणी घेऊन पुढे आली. "घ्या सभापती, पहिला मान तुमचा."

बगळेराव दोन पावलं मागे सरकले. "नको नको, मी घरून पिऊन आलोय."

"घर तर तुमचं इथंच, या बाभळीवर ना?"

"होतं," हार सावरता सावरता बगळेरावांच्या तोंडून निघून गेलं. "दगड घासले त्याच दिवशी डोंगरातल्या झऱ्यावर बिऱ्हाड हलवलं."