हैबतीचं गाढव आणि राजाचं चित्र

हैबती दोरवाल्याचं गाढव सरकारजमा झालं! गुन्हा काय, तर नदीच्या घाटावर बांधलं होतं.

आता यात हैबतीचा काय दोष? दवंडीच्या ढोलानं दुपारची झोपमोड होते म्हणून राजा गजसेनानं दवंडीच बंद करून टाकली होती. हुकूम निघाला की त्याचं चित्र काढायचं आणि टांगायचं. घाटावर जनावर बांधायचं नाही, या हुकमाचं चित्रही वेशीवर टांगलं होतं, मोठं झोकदार! पण हैबती दोन्ही डोळ्यांनी आंधळा. बाजाराची वाट त्याला ते गाढवच दाखवायचं. ते गेलं, तसा बिचारा घरात अडकला आणि वळलेले दोर तसेच पडून राहिले.

त्याची लेक ठकी तडक दरबारात गेली.

"सरकार, माझ्या बाला दिसत न्हाई. त्यानं हुकूम बघायचा कसा?"

"ते मला काय ठाऊक?" राजा गुरकावला. "चित्र टांगलं की हुकूम लागू! दिसलं नाही ही सबब माझ्या राज्यात चालत नाही!"

"कुणाचीच?"

"कुणाचीच! पण तुला एक संधी देतो. उद्या इथं नव्या हुकमाचं चित्र टांगतो. ते तुझ्या बापाला दाखव. त्याला दिसलं तर गाढव परत. नाही दिसलं तर गाढव कायमचं माझं. आणि चित्राला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

सगळा दरबार खो-खो हसला. ठकी मात्र एक पाऊल पुढे झाली.

"जीभ हलवली तर चालंल, सरकार?"

"हलव की! जिभेनं कधी चित्र दिसलंय?"

दुसऱ्या दिवशी ती बापाचा हात धरून आली, तेव्हा मानकरी चित्राभोवती गर्दी करून उभे होते.

"वा! काय त्या मिशा!" दिवाणजी म्हणत होते. "आत्ता पीळ देतील असं वाटतं!"

ठकीनं चित्र वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"बा, ऐक. मधे सरकार बसलेत. डोक्यावर लाल पगडी. मिशा मोठ्या हायेत, त्या सोड. खाली कोपऱ्यात बोटाएवढा एक माणूस. त्याचीबी पगडी लाल. शिपाई ती हिसकून घेतोय. शेजारी पांढऱ्या पगडीचा माणूस, त्याला कुणी हात लावत न्हाई."

हैबतीनं हनुवटी खाजवली आणि एकदम हसला.

"दिसलं की! लाल पगडी आजपासून फक्त सरकारांची. दुसऱ्या कुणी घातली तर जप्त! इथं कुणी घालून आलं न्हाई ना?"

दरबारात एकेक हात हळूच डोक्याकडे गेला. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लाल पगडी दिवाणजींचीच!

"महाराज, सकाळपासून चित्रासमोरच उभा आहे," दिवाणजी चाचरले, "पण ते... दिसलं नाही."

"ती सबब चालत न्हाई, दिवाणजी!" ठकी म्हणाली. "सरकार, हुकूम म्हंजे हुकूम! गाढव ठेवायचं असंल तर या पगड्याबी घ्या आणि त्याच्याच शेजारी ठेवा. पगड्या सोडायच्या असतील तर माझ्या बाचं गाढवबी सोडा!"

राजा आधी लाल झाला, मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि मग तो असा हसला, की त्याची स्वतःचीच पगडी घरंगळली. ती उचलून त्यानं हैबतीच्या डोक्यावर ठेवली.

"गाढव घेऊन जा, बाबा! आणि पोरी, तुला काय हवं?"

"चित्राजवळ एक सांगणारं माणूस बसवा, सरकार. दवंडीबी पुन्हा सुरू करा."

"मग चित्रं काढून टाकू?"

"छे! तांबट आळीतल्या म्हाताऱ्यांचे कान भांडी ठोकून ठोकून गेलेत. त्यांना चित्रच लागतं. दोन्ही ऱ्हाऊ द्या."

"आणि माझी दुपारची झोप?"

"कानात कापूस घाला, सरकार!"

"शाबास!" राजा पोट धरधरून हसला. "सांगायला तूच बस, पगार आजपासून सुरू! आणि कापूस दिवाणजींच्या खर्चानं!"