पाळण्याखालची जमीन

डोंगरउतारावरच्या एका गावात एक सुतार राहायचा. हाताला कसब होतं आणि कानांना कौतुकाची चटक.

गावातल्या वैद्यबुवांकडे नातीचं बारसं ठरलं. त्यांच्या जुन्या घराची माडी पाऊल टाकताच कुरकुरायची. वैद्यबुवा म्हणाले, "सुतारबुवा, बारशाच्या आत जुन्या फळ्यांवर नव्या सागवानी फळ्या बसवून द्या."

सुतारानं हातोडीनं ठोकत माडीभर फेरी मारली. सगळीकडे आवाज खणखणीत आला. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मात्र फुसका. पटाशी टोचली, तर ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. कुजलेलं काढायचं तर आठवडा जाणार आणि बारसं येऊन ठेपलेलं. 'वरून नवी फळी बसली की कोण बघतंय?' असं म्हणून त्यानं खिळे ठोकले.

बारशाच्या दिवशी माडी कशी लखलखत होती! बायका पाय पुसून आत येत होत्या. जो तो सुताराची पाठ थोपटत होता आणि स्वारी भलतीच खुशीत होती. इतक्यात वैद्यबुवांची सून म्हणाली, "पाळणा त्या खिडकीपाशी ठेवा. बाळाला वारा लागेल."

सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं तर चारचौघांत अब्रू जाणार. पण पाळण्यात बाळ निजलं, भोवती बायका जमू लागल्या, तसं त्याला राहवेना. "थांबा! बाळाला उचला! खालचं लाकूड कुजलंय. मला ठाऊक होतं, तरी मी झाकलं."

"हे आत्ता सांगताय?" वैद्यबुवा कडाडले.

"आधीच सांगायला हवं होतं. चुकलो."

बारसं ओसरीवर झालं. मग माडीवर सुतारानं सगळ्यांदेखत आपलीच जमीन उखडली. खालची तुळई वाळवीनं पोखरली होती. पहारीच्या एका टोल्यात तिचा भुगा झाला. वैद्यबुवांनी नातीला छातीशी धरलं.

आठ दिवस खपून सुतारानं नवी तुळई घातली आणि जमीन पुन्हा बसवली. आता आपल्याला कोण काम देणार, या विचारानं तो खाली मान घालून घरी आला, तर दारात शेजारच्या गावचा शेतकरी उभा.

"आमच्या जुन्या माडीवर नवी जमीन घालायची आहे."

"वैद्यबुवांकडची हकीकत कानावर आली नाही वाटतं?"

"आली म्हणूनच आलो. जमीन घालणारे पुष्कळ आहेत. स्वतः घातलेली उखडणारा मात्र तुमच्यावाचून ऐकला नाही."

सुताराला इतकं बरं वाटलं, की हातातली हत्यारांची पेटी खाली न ठेवताच तो शेतकऱ्याबरोबर निघाला.

तात्पर्य एवढंच: चूक झाकली तर शाबासकी मिळते, पण ती कबूल करून निस्तरली तर लोकांचा विश्वास मिळतो.