बोरखडीच्या चर्चमधली फट

चपला इथंच काढा, आणि त्या तीन दगडांना पाय लावू नका. आत गेलात की मधोमध गुडघ्याएवढी भिंत दिसेल, दारापासून थेट वेदीपर्यंत. दाराजवळ तिच्यात फट आहे. पाहुणे विचारतात, पडझड झाली का? पडझड नाही. माझे पणजोबा याकोबबाबा इथले पंच होते, त्यांनी ती फट बुजवायची सोडून दिली.

असं सांगतात, वरच्या आणि खालच्या आळीने एकाच दिवशी, एकाच पाण्याने बाप्तिस्मा घेतला. पण शेजारी बसायला कोणी तयार होईना. देव बदलला, जात काही सुटेना. मग याकोबबाबांनीच भिंत घातली. वरची आळी उजवीकडे, खालची डावीकडे.

बाबांची धाकटी लेक दीना सात वर्षांची होती, खालच्या आळीतली मार्था तिच्याच बरोबरीची. भातुकलीला चूल हवी म्हणून दोघींनी भिंतीतले तीन दगड काढून नेले आणि कुठंतरी बोरीखाली मांडले. मग दर रविवारी दीना त्या फटीतून सरकून मार्थाशेजारी जाऊन बसायची. बाबांनी दगड शोधले, लेकीला दटावलं, पण ती काही सांगेना.

तेवढ्यात दीना तापाने पडली. मार्थाला बोलवा, एवढंच म्हणायची. मार्था रोज ओच्यात बोरं घेऊन अंगणात उभी राहायची, पण बाबांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. बरी झालीस की रविवारी भेट, असं ते लेकीला सांगत राहिले. प्रभू लेकरांना जवळ घ्यायचा, हे दर रविवारी ऐकणारा माणूस हा! मला अजून त्यांचा राग येतो. नवव्या दिवशी दीना गेली.

माती देऊन लोक चर्चमध्ये परतले, तेव्हा मार्था एकेक दगड डोक्यावर वाहून आणत होती म्हणे. तिसरा दगड दाराशी ठेवून ती बाबांना म्हणाली, “बाबा, ही घ्या तुमची दगडं. आता भिंत पुरी करा. तिकडून येनारी एकली दीनाच व्हती.”

बाबा त्या दगडांपाशीच थांबले. आत प्रार्थना सुरू झाली, पण आपण कुठल्या बाजूला बसावं तेच त्यांना कळेना. शेवटी मार्थानेच त्यांचा हात धरला, फटीतून पलीकडे नेलं आणि दीनाच्या जागेवर बसवलं.

आजही प्रभुभोजनाच्या रविवारी मोठी माणसं या दगडांपाशी थांबतात. लेकरं बाहेर येतात, हाताला लागेल त्याला धरून नेतात आणि मनाला येईल तिथं बसवतात. पाळकसाहेबही त्यातून सुटत नाहीत.

पुष्कळ जण म्हणतात, ती भिंत आता पाडून टाका. पाडू की. पण माझ्या मुलीला मागणी आली, तेव्हा मी आधी आळीच विचारली होती. खालची निघाली, म्हणून नाही म्हणालो. मुलगा गुणी होता, तिच्या मनातला होता. तिने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. आज ती चाळिशीला आली आहे, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी लेकरांना बाहेर पाठवते ती तीच. मी या दगडांपाशी उभा राहून तिच्याकडे बघत असतो, एखादं लेकरू येऊन माझा हात धरेपर्यंत.