आंबलेलं फडकं

चूक थोरल्या टोपाचीच. फार पूर्वी एका चुलीपाशी दूध गाळणारं फडकं अंगाला पाणी लावायचं नाही. आंबूस वास मारायचा, टोपातलं दूध नासायचं, आणि सगळी भांडी पाठीमागे कुजबुजायची.

"आबा, मी तोंडावर सांगणार," पळी म्हणाली.

"खबरदार! वयाने मोठं आहे ते," टोप खेकसला.

"मग पाठीमागे हसताना वय कुठे जातं?"

पळी तडक फडक्यापाशी गेली. "काका, वास येतो तुम्हाला. उकळत्या पाण्यात बुडी मारा."

फडकं ओशाळलं. "इतकी वर्षं कुणी बोललं का नाही गं?" म्हणत पाण्यात उतरलं.

पण इतके दिवस त्यात दूध नासलेलं बघून मालकिणीला आधीच वाटलं होतं, टोपच खराब. तेव्हापासून थोरल्या टोपात कोंबड्या पाणी पितात.