कथलाचे चार बिल्ले

एकदा एका शिष्याला वाटले, आपल्याला एक राजा सापडला. प्रत्यक्षात सापडले होते कथलाचे तीस बिल्ले. गावाबाहेर जुन्या दुष्काळात बांधलेला तलाव होता आणि त्याच्या बांधालगत शिष्याचे शेत. तिथे धातुशोधक यंत्र घेऊन तो दोन वर्षे फिरत होता. प्रत्येक बिल्ल्यावर एक आकडा होता, वरच्या कडेला एक भोक. त्यांतल्या चारांच्या खालच्या कडेवर बारीक खळगे होते, आणि ते चारही एकाच चिंचेखाली मिळाले होते.

खळगे पाहून शिष्य हरखला. नाणे पारखताना जुने सराफ त्यावर खूण उमटवीत, हे तो आपल्या गुरूंकडेच शिकला होता. सराफाची खूण म्हणजे नाणे, नाणे म्हणजे टाकसाळ आणि टाकसाळ म्हणजे राजा! तीन उड्यांत त्याने एक अज्ञात राजघराणे उभे केले, निबंध लिहिला आणि परिषदेला कळवूनही टाकले. पंधरा दिवसांनी तो विद्वानांपुढे वाचायचा होता. टिकला तर नाव होणार होते, फसला तर जन्माचे हसे.

शिष्याने ते चार बिल्ले रुमालातून गुरूंकडे नेले. ऐंशी वर्षांच्या गुरूंनी खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि बिल्ले पुन्हा रुमालात बांधले. मग ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत, ते स्वतःचे भिंग त्यांनी रुमालासह शिष्याच्या हाती दिले.

“घरी जा. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या यातून बघ. मग बोलू.”

परिषद तोंडावर आलेली आणि हे काय भलतेच, असे शिष्याच्या मनात आले. पण गुरूंचा शब्द. तो मुकाट्याने घरी गेला.

आई मेथी निवडत बसली होती. भिंग घेऊन वाकलेल्या मुलाला पाहून म्हणाली, “शेत संपलं वाटतं. आता माझ्या गळ्यात खोदणार?”

डाव्या वाटीच्या कडेवर बारीक खळगे होते. शिष्याने एक बिल्ला शेजारी धरला. खळग्यांची ठेवण अगदी तशीच होती.

“आई, हे कशानं झालं?”

“तुझ्या दातांनी. मांडीवर घेतलं की पहिलं हेच तोंडात. सोनार म्हणाला, ठोकून सरळ करून देतो. म्हटलं, राहू दे. दुधाचे दात पडून गेले रे, खूण तेवढी राहिली.”

रोज तिच्या हातचे जेवत असूनही हे आपल्याला कधी दिसले नाही, याची शिष्याला लाज वाटली. तो थोडा वेळ तिच्याबरोबर भाजी निवडत बसला.

संध्याकाळी शिष्य परत आला तेव्हा गुरू म्हणाले, “तलावाच्या कामावर मजुरांना हजेरीचे बिल्ले देत. हरवला तर त्या दिवसाचं धान्य बुडायचं, म्हणून दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. दुपारी बाया चिंचेखाली पोरांना पाजायला बसायच्या. आईच उपाशी, तर दूध कुठून उतरणार? पोर मग बिल्ला चावायचं. तिचं सगळं पोट त्या बिल्ल्यावर होतं, तरी तिनं तो ओढून घेतला नाही, चावू दिला. हे मी तुला सकाळीच सांगितलं असतं, तर तू नुसती चूक दुरुस्त केली असतीस.”

“म्हणजे माझा निबंध गेला,” शिष्य म्हणाला. पण वाटले होते तेवढे दुःख त्याला झाले नाही.

“राजा गेला. निबंध नव्यानं लिही.”

परिषदेत शिष्याने आपली आधीची चूक न लपवता सांगितली. काहीजण हसलेही. मग त्याने चिंचेखालच्या त्या चार आयांविषयी वाचले. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर विदुषीचा हात नकळत आपल्या मंगळसूत्राकडे गेला आणि वाटीच्या कडेवरून हळूच फिरत राहिला.

आपणही आज घरी गेल्यावर आईच्या गळ्याकडे जरा पाहावे.