शेजारच्या फांदीपर्यंत

घाटमाथ्यावरच्या एका राईत, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुबकेदार शेपटीची मोठी खार. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. खाणे, झोपणे, रुसणे, भांडणे सगळे झाडावरच. आपल्या गोष्टीतली शेकरू वयाने पोक्त होती, म्हणून राईतले सगळे तिला शेकरूबाई म्हणत. आपणही तसेच म्हणू.

शेकरूबाईंचा एक नेम होता. उजाडले की आपल्या फणसावरून हिरड्यावर, हिरड्यावरून जांभळीवर, अशा उड्या मारत साऱ्या राईला एक फेरी घालायची, शेवटी ओढ्याकाठच्या आंब्यावर यायचे आणि मगच न्याहारीला बसायचे. या फेरीत त्यांची लेक बरोबर असे. लेक पुढे, आई मागे. आई मागून सांगत राही, "अगं, आधी फांदी बघ, मग उडी मार." लेक ऐकत नसे. लेकी किती ऐकतात, ते तुम्ही तुमच्या आयांना विचारा.

पुढे लेक मोठी झाली. शेकरूंमध्ये रीतच आहे की पोर मोठे झाले की त्याने आपली वेगळी राई शोधायची. लेकीने ओढ्यापलीकडची राई निवडली. एके सकाळी तिने आंब्याच्या टोकावरून लांब उडी घेतली, ओढा ओलांडून पलीकडच्या उंबरावर उतरली, मागे वळून एकदा शेपटी हलवली आणि पानांत दिसेनाशी झाली. शेकरूबाईसुद्धा ती उडी सहज मारत. पण त्या दिवशी त्या लेकीमागे गेल्या नाहीत. तिचा संसार तिला मांडू द्यावा, असे त्यांना वाटले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

घरी परतल्यावर मात्र घरटे फार मोठे वाटू लागले. दुसऱ्या दिवशी उजाडले, शेकरूबाईंनी डोळे उघडले आणि त्यांच्या मनात आले, 'आज नको. मन लागेल तेव्हा जाऊ.' त्या कूस बदलून पुन्हा झोपल्या. त्यानंतरच्या दिवशीही मन लागले नाही आणि त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फणस पिकला होता. घरट्यातून मान बाहेर काढली की खायला मिळत होते, त्यामुळे पोटासाठी हलायचीही गरज उरली नाही. फेरी नाही म्हणून अंग जड झाले, अंग जड म्हणून झोप वाढली, झोप वाढली म्हणून दिवसभर डोके भणभणू लागले. असे डोके घेऊन उड्या कोण मारणार? "आणि मारायच्या तरी कुणासाठी?" असे त्या स्वतःशीच पुटपुटत.

शेकरूबाई आळशी नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतो. त्या दुःखी होत्या. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते, म्हणून अनेकांची गल्लत होते.

एके दिवशी पलीकडच्या राईतून बुलबुल निरोप घेऊन आला. "शेकरूबाई, तुमच्या लेकीला दिवस गेलेत," तो म्हणाला. "तिनं सांगितलंय, इकडे उडी मारून येणं आता तिला झेपायचं नाही. बाळंतपणाला तुम्हीच या. दुसरं कुणी नकोय तिला."

शेकरूबाईंना आनंद झाला. त्या तशाच उठल्या आणि ओढ्याकाठच्या आंब्याकडे निघाल्या. पण जांभळीपर्यंतच त्यांना धाप लागली, आणि आंब्याच्या टोकाला जाऊन त्यांनी खाली पाहिले तेव्हा त्या दोन पावले मागे सरकल्या. खाली कातळ होता आणि समोरचा उंबर लांब गेल्यासारखा वाटत होता. एरवी डोळे मिटून मारलेली उडी आज मारली असती तर त्या अर्ध्यात पडल्या असत्या, हे त्यांना कळले. खाली उतरून चालत जावे, तर काठावरून बिबट्याची रोजची वाट. लेक बोलावत होती, आणि आईला ओढा ओलांडता येत नव्हता. शेकरूबाई तिथेच बसून रडल्या.

ते वानरदादांनी पाहिले. वानरदादा म्हणजे राईतले व्यायामाचे जाणकार, निदान त्यांचे स्वतःचे मत तसे होते. "काकू, एवढंच ना?" ते म्हणाले. "उद्यापासून लागा. पण करायचं तर सगळं करायचं, अर्धंमुर्धं काही नाही. पहाटे राईला दोन फेऱ्या, संध्याकाळी शेंड्यापर्यंत चढउतार, आणि फणस एकदम बंद. बघता बघता तरुण व्हाल."

तुम्हीही कधी कधी सोमवारपासून सगळे करायचे ठरवता. शेकरूबाईंनीही तसेच ठरवले. पहाटे त्या उठल्या आणि जुन्या वेगाने निघाल्या. हिरड्यापर्यंत जोम होता. जांभळीवर श्वास संपला. पण दोन फेऱ्या म्हणजे दोन फेऱ्या, असे म्हणत त्यांनी पुढची उडी घेतली, फांदी हातातून निसटली आणि त्या एका पंजावर लोंबकळत राहिल्या. कशाबशा वर आल्या, पण खांदा चांगलाच लचकला. मग पुन्हा घरटे, पुन्हा झोप. आधी नुसते दुःख होते, आता त्यात लाजेचीही भर पडली. "माझ्याच्यानं आता काही व्हायचं नाही," असे त्यांनी स्वतःला सांगून टाकले.

शेकरूबाईंच्या घरट्यासमोर बेहड्याचे एक जुने झाड होते. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचा संसार होता. धनेशांची पद्धत मोठी वेगळी. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवायची. त्या फटीतून नवरा तिला फळे भरवतो. ती कितीतरी आठवडे आत बसून असते. तिची पिसे झडतात, नवी येतात, पंख आखडून जातात. नेमक्या त्याच सुमारास ही धनेशीण लिंपलेले दार फोडून बाहेर आली, कारण पिल्लांची भूक भागवायला आता एकटा बाप पुरा पडत नव्हता.

शेकरूबाई पडल्या पडल्या बघत होत्या. विस्कटलेली धनेशीण ढोलीच्या तोंडाशी बसली, पंख झाडले, शेजारच्या फांदीकडे झेपावली आणि फांदीवर धपकन आदळली. थोडा वेळ तिथे बसली, मग तशीच धडपडत परत आली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्यानंतरच्या सकाळी पुन्हा तेच. शेकरूबाईंना हसू आले. फार दिवसांनी आले, म्हणून त्यांनी ते दाबले नाही.

"वहिनी," त्यांनी विचारले, "रोज एवढी उमेद आणता तरी कुठून?"

"उमेद?" धनेशीण म्हणाली. "आज सकाळी तर मला रडू येत होतं. अहो, दर वर्षी ढोलीतून बाहेर पडते तेव्हा मी उडणं विसरलेली असते. पहिल्या वर्षी मीही वाट बघत बसले. म्हटलं, मन लागेल तेव्हा उडू. मन काही लागलं नाही. पिल्लं मात्र भुकेनं ओरडत राहिली. तेव्हापासून मी मनाला विचारायचंच सोडून दिलं. सकाळी उठायचं आणि शेजारच्या फांदीपर्यंत जायचं. बस, तेवढंच. तिथं गेल्यावर परत यावंसं वाटलं तर परत यायचं."

"आणि वाटतं परत यावंसं?"

"वाटतं की. तेव्हा येते परत, त्यात कसली लाज? पण बऱ्याचदा तिथं जाऊन बसलं की पुढची फांदी दिसते."

शेकरूबाईंनी सुस्कारा सोडला. "तुमचं ठीक आहे. मला ओढा ओलांडायचाय."

"ओढा आहे तिथंच आहे. तुम्ही मात्र घरट्यात बसून दिवसभर त्याचाच विचार करता," धनेशीण म्हणाली, "आणि घरट्यातून तो फार रुंद दिसतो."

खांदा बरा झाल्यावर एका सकाळी शेकरूबाई उठल्या. मन नव्हतेच. त्यांनी त्याला विचारले नाही. त्या फणसाच्याच शेजारच्या फांदीवर गेल्या, थोडा वेळ बसल्या आणि परत आल्या. वरून वानरदादा बघत होते. "काकू, हा काय व्यायाम झाला?" ते म्हणाले. "व्यायाम कुठला रे, नुसती जाऊन आले," शेकरूबाई म्हणाल्या आणि न्याहारीला बसल्या. त्या दिवशी फणसाला जरा बरी चव लागली.

मग असेच सुरू झाले. कधी त्या शेजारच्या फांदीवरूनच परत येत. कधी तिथे बसल्यावर हिरडा दिसे आणि पाय आपोआप तिकडे वळत. हिरड्यावर वारा चांगला असे. एखाद्या सकाळी लेकीची आठवण एवढी दाटून येई की त्या फांदीवर बसून रडत आणि घरी येत. तेही चालून जाई, कारण रडण्यासाठी का होईना, घरट्याबाहेर येणे झालेले असे. धनेशीण आता बरीच लांब उडू लागली होती, पण जाता येता ती शेकरूबाईंजवळ थांबे. दोघी उन्हात बसत. शेकरूबाईंना गाढ झोप लागू लागली, डोके हलके झाले, शेपटीवर तकाकी आली. एकदा जांभळीवर बसल्या असताना त्यांच्या लक्षात आले की आज लेकीची आठवण आली, पण रडू आले नाही. त्यांना फार बरे वाटले. फेरी हळूहळू जांभळीच्या पुढे सरकली आणि एके दिवशी ओढ्याकाठच्या आंब्यापर्यंत पोहोचली. वानरदादा सगळ्यांना सांगत सुटले की काकूंना आपणच तयार केले. शेकरूबाईंनी ते मनावर घेतले नाही.

आणि मग एका सकाळी बुलबुल घाईघाईने आला. "लेक बाळंत झाली. दोन पिल्लं आहेत. पण ती घरट्यातून हलत नाही, काही खात नाही. नुसती तुमची वाट बघतेय."

नेमक्या त्याच सकाळी शेकरूबाईंचे मन अगदी तळाला गेले होते. त्याला काही कारण नव्हते. अशा सकाळींना कारण लागत नाही. एवढी गोड बातमी आली, तरी आनंदाऐवजी भीतीच वाटली. 'आज नको,' मन म्हणाले. 'आज अंगात त्राण नाही. ओढा रुंद आहे, खाली कातळ आहे. उद्या बरे वाटेल, उद्या जाऊ.'

शेकरूबाईंनी ते सगळे ऐकून घेतले. वाद घातला नाही. त्या उठल्या आणि रोजच्यासारख्या शेजारच्या फांदीवर गेल्या. तिथून हिरड्यावर, तिथून जांभळीवर. मन वाटभर कुरकुरत होते. आंब्याच्या टोकाला पोहोचल्या तेव्हाही ते 'नको, नको' असेच म्हणत होते. शेकरूबाईंनी समोरचा उंबर पाहिला, कुठली फांदी धरायची ते ठरवले, चार पावले मागे सरकल्या, धावल्या आणि झेप घेतली.

खालचा कातळ मागे गेला. उंबराची फांदी हाताला लागली, वाकली आणि तिने त्यांना धरून ठेवले. शेकरूबाई पलीकडे पोहोचल्या होत्या. त्यांचे मन तेवढे मागे राहिले होते, अलीकडच्या आंब्यावर, 'जमायचे नाही' असे म्हणत.

पानांच्या घरट्यात लेक पडून होती. तिने डोळे उघडले. "आई, तू आलीस? मला वाटलं, तुला नाही जमायचं."

"मलाही तसंच वाटत होतं," शेकरूबाई म्हणाल्या आणि येताना झाडावरून तोडून आणलेले उंबराचे फळ त्यांनी लेकीला भरवले. लेक खाऊ लागली. कुशीतल्या दोन पिल्लांपैकी एकाने डोळे मिटलेलेच ठेवून आजीचा पंजा हुंगला आणि घट्ट धरला. तेवढ्यात मागे राहिलेले मनही ओढा ओलांडून, धापा टाकत, येऊन पोहोचले.

तात्पर्य एवढेच : मन खचलेले असताना 'उमेद येईल तेव्हा उठू' असे म्हणू नये. आधी अंगाला थोडेसे हलवावे; उमेद मागाहून येते.